वाळेपर्यंतचं वाचन

जूनमधली दुपार. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानासमोर रिक्षा थांबली आणि एक बाई पुस्तकांनी भरलेली गोणी उतरवून घेऊ लागल्या. आदल्या रात्री सरींवर सरी कोसळल्या होत्या, गॅलरीतल्या कपाटात पाणी शिरलं असावं. दुकानदारानं वरचं पुस्तक उचललं, अंगठ्यानं पानांची कड दाबून पाहिली आणि "भीनुं छे बेन, नहीं चाले" म्हणत परत ठेवलं. मुलांच्या एका मासिकाचे वर्षभराचे अंक एकत्र बांधून घेतलेलं ते पुस्तक होतं. पुठ्ठा एका बाजूनं निखळून लोंबत होता, पाठीवरचा कागद सोलला गेला होता आणि त्यामुळे आत ओळीनं शिवलेले अंक उघडे पडले होते. दोरा मात्र जिथल्या तिथे होता. एकही टाका तुटलेला नव्हता. बाईंनी काही न बोलता गोणी पुन्हा रिक्षात चढवली आणि रिक्षा गर्दीत दिसेनाशी झाली.

तो शाबूत दोरा मनातून जात नाही.

कारण त्या पुस्तकाला झालं होतं ते फारच थोडं. जुने बाइंडर पाठीला सरस लावत. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला, पाण्यात विरघळणारा. ओल लागली की तो मऊ होतो, धरून ठेवलेलं सोडून देतो, आणि पुठ्ठा पुस्तकापासून वेगळा होतो. बघणाऱ्याला वाटतं पुस्तक मोडलं. खरं तर पुस्तक म्हणजे शिवलेले फर्मे, म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचे जुडगे; पुठ्ठा हा त्याचा अंगरखा. दोरा धड असेल तर दुरुस्तीला हाताचं काम एका संध्याकाळचं आणि वाळण्याची वाट दोन दिवसांची. जमणाऱ्या माणसाला हे नुसतं बघूनच कळतं, आणि ज्याच्या घरात ते पुस्तक असतं त्याला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

बडोद्यात सुट्टी आणि पाऊस यांची गाठ आता बऱ्याचदा पडते. एरवी मोसमी पाऊस इथे जूनच्या मध्याला येतो आणि गुजरातच्या शाळाही साधारण त्याच सुमाराला उघडतात. पण वळीव आणि अवकाळी सरी मे महिन्यातही गाठतात. मग कमाटीबाग बंद, मैदानात चिखल, सोसायटीच्या जिन्यात सायकली उभ्या, आणि घरात "आता काय करू?" हा प्रश्न दर अर्ध्या तासाला. हवा चिकट, वीज जाऊन येऊन. अशा दिवसांसाठी पुस्तक वाचणं आणि पुस्तक बांधणं ही जोडी सुचवावीशी वाटते ती एका साध्या कारणानं: या कामात हात कमी आणि थांबणं जास्त आहे. चिकटवायची खळ लावली की वजनाखाली ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा. एप्रिलच्या कोरड्या उन्हात जो पुठ्ठा रात्रभरात वाळतो, त्याला पावसात एक दिवस पुरत नाही, कधी दीड दिवस लागतो. घाई करून उघडला तर वाकडा होतो आणि मग वाकडाच राहतो. म्हणजे थांबणं सक्तीचंच, आणि त्या थांबण्यात वाचण्यापलीकडे दुसरं करण्यासारखं फारसं काही नसतं. पाऊस जितका जास्त, तितका वाळायला उशीर, तितकं वाचन जास्त. हा हिशेब मुलांना चटकन पटतो.

या शहराला पुस्तकांचं वेड लावून घेण्याची जुनी सवय आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण शिकलेला माणूस वाचायला काही नसेल तर अक्षरं विसरतो हेही त्यांच्या ध्यानात होतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, आणि तीन वर्षांत गावोगावच्या वाचनालयांची घडी बसली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांमधून फिरती पुस्तकं जात. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही लोखंडी फडताळांच्या मजल्यांमध्ये काचेची जमीन आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर झिरपावा म्हणून. ढगाळ दुपारी ती काच फिकट हिरवट दिसते आणि वरून चालणाऱ्याची पावलं सावलीसारखी सरकतात. बोर्डन येण्याच्या २० वर्षं आधी, १८९० मध्ये, याच शहरात कलाभवन निघालं होतं, जिथे रंगाई-विणाईपासूनचे हातउद्योग देशी भाषांतून शिकवण्याची धडपड झाली. वाचणारे आणि हातानं काही घडवणारे असे दोन वेगळे वर्ग असावेत, असं त्या काळच्या बडोद्याला वाटत नव्हतं. आता एका घरात शिवणाचं यंत्र असतं आणि पुस्तकांचं कपाटही असतं, पण दोन्हींची ओळख करून दिलेली नसते.

तर, खळ. बाइंडिंगच्या कामाला बाजारातला पांढरा गोंद कितीही सोपा वाटला तरी जुन्या पुस्तकाला तो लावू नये. तो एकदा वाळला की पाण्यानं नीट सुटत नाही, आणि पुढच्या माणसाला दुरुस्ती करायची तर कागद फाडावा लागतो. खळ ओल्या कापसानं कधीही सोडवता येते. मैद्याची खळ सगळ्यांना ठाऊक आहे, पण मैद्यातला चिकट प्रथिनांचा भाग किड्यांना फार आवडतो आणि काळानं पिवळाही पडतो. त्याहून कितीतरी चांगली वस्तू मराठी घरात उन्हाळ्यात आपसूक तयार होते: कुरडयांचा चीक. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, पिळून, गाळून जो पांढराशुभ्र साका तळाशी बसतो तो म्हणजे गव्हाचं जवळजवळ शुद्ध सत्त्व. कोंडा आणि चिकट चोथा पिळतानाच मागे राहिलेला असतो. हस्तलिखितं दुरुस्त करणारे जगभरचे कारागीर ज्या खळीवर भिस्त ठेवतात ती गव्हाच्या सत्त्वाचीच असते. नेमका कुरडया घालायच्या दिवशी वळीव आला, ऊन गेलं आणि वाटीभर चीक उरला, तर तो वाया गेला असं समजू नये.

मात्र कुरडयांच्या चिकाला आंबूस वास असतो, आणि तो आंबटपणा कागदाला सोसत नाही. म्हणून चीक भरपूर स्वच्छ पाण्यात ढवळून सहा-सात तास ठेवायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि असं दोन-तीनदा करायचं. वास गेला की चीक ताटात पातळ पसरून पंख्याखाली सुकवायचा आणि भुकटी डब्यात भरायची. मीठ-हिंग यात अजिबात नको. खळ करताना एक भाग भुकटीला पाच ते सहा भाग पाणी. घरगुती कामाला २ मोठे चमचे भुकटी पुरे. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पांढरं दूध घट्ट होतं, मग त्याला काचेसारखी झाक येते. ती झाक दिसली म्हणून लगेच उतरवू नये, त्यानंतरही पंधरा मिनिटं शिजू द्यावं. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पापुद्र्यांसारखी सुटते. पूर्ण गार झाली की पुरणाच्या बारीक चाळणीतून नाहीतर मलमलीतून दोनदा गाळायची आणि पाणी घालून हवी तितकी सैल करायची: पुठ्ठ्याला श्रीखंडाइतकी दाट, फाटलेल्या पानाला ताकाइतकी पातळ. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, आणि ज्या घरात मुलं हे काम करणार तिथे ते आणूच नये. त्यापेक्षा खळ थोडीच करावी. पावसाळ्यात बाहेर ठेवलेली खळ दुसऱ्याच दिवशी आंबते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. पातळ पाणी सुटलं किंवा वास बदलला की टाकून द्यावी.

खळीनंतर कागद. आणि कागदाबद्दल एकच गोष्ट कळली तरी अर्धं बाइंडिंग कळलं.

यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेनं लोळतात. तंतू पाणी पितो तेव्हा लांबीला जवळपास तेवढाच राहतो आणि जाडीला फुगतो. म्हणून ओला कागद एकाच दिशेनं वाढतो, तंतूंना आडव्या दिशेनं. पुस्तकात हे तंतू नेहमी पाठीला समांतर, वरून खाली असायला हवेत. मग दमट हवेत पान रुंदीला थोडं वाढतं आणि कुणाला कळतही नाही. तंतू आडवे असतील तर पान उंचीला वाढायला बघतं, पण पाठीशी ते दोऱ्यानं आणि खळीनं जखडलेलं असतं, त्यामुळे कडेला लाटा उठतात आणि पुस्तक मिटेनासं होतं. दिवाळीत सरळ असलेली वही जुलैत तोंड वासून पडते ती यामुळे. दिशा ओळखायची तर कागदाचा हातभर चौकोन एका बाजूनं ओला करावा: तो गुंडाळून नळी होते, आणि नळीची लांबी ज्या दिशेला ती तंतूंची दिशा. कोरड्या कागदाची परीक्षा फाडून: तंतूंच्या दिशेनं कागद सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. पुठ्ठ्याचीही हीच परीक्षा वाकवून घ्यायची. ज्या बाजूनं सहज वाकतो, ती घडी तंतूंना समांतर.

बाजारात मिळणाऱ्या ए-फोर कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. तो मधोमध दुमडून वही केली तर तंतू पाठीला आडवे पडतात, आणि घरी केलेल्या बहुतेक वह्या इथेच बिघडतात. उपाय सोपा आहे. ए-फोर आधी मधोमध कापून दोन तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा. आता तंतू घडीला समांतर आले, आणि खिशात मावणारी १०५ बाय १४८ मिलिमीटरची वही मिळाली. असे चार तुकडे एकात एक घातले की १६ पृष्ठांचा एक फर्मा. १२ ए-फोर कागदांत सहा फर्मे, ९६ पृष्ठं. मुलाच्या पहिल्या वहीला हे माप नेमकं आहे, याहून जाड वही पहिल्याच खेपेला हातात घेऊ नये. कागद आणि पुठ्ठा आणल्याबरोबर कापायलाही बसू नये. दुकानातली हवा वेगळी, घरातली वेगळी; एक दिवस त्यांना त्या खोलीत पडून राहू द्यावं.

घडी चमच्याच्या पाठीनं घट्ट चापून घ्यायची. फर्मे एकावर एक ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबायचे, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. इथे पहिलं वाचन सुरू होतं. सकाळी घडीवर चार खुणा करायच्या: वरून आणि खालून १५ मिलिमीटर सोडून दोन, आणि त्यांच्यामध्ये सारख्या अंतरावर दोन. सगळ्या फर्म्यांवर खुणा एकाच पट्टीनं आणि एकाच टोकापासून मोजून. फर्मा उघडून, आतल्या बाजूनं बाहेर, बारीक टोकदार आरीनं भोकं पाडायची. आरी नसेल तर जाड सुई बुचात खोचून घ्यावी. भोक सुईपेक्षा किंचित लहानच हवं. दोरा सुती, रजई शिवायला वापरतात तसा, आणि त्याला मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्यायचं, म्हणजे तो गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. लांबी ठरवायची ती वहीची उंची गुणिले फर्मे, अधिक वीतभर. या वहीला सव्वा मीटर भरपूर झाला.

शिवण्यात अवघड काही नाही, पण हात कुठे जातो ते बघायला हवं. पहिल्या फर्म्याच्या टोकाच्या भोकातून बाहेरून आत शिरायचं, पुढच्यातून बाहेर, त्या पुढच्यातून आत, असं करत दुसऱ्या टोकाला बाहेर यायचं. सुरुवातीला चार बोटं दोरा बाहेर लोंबता ठेवायचा. दुसरा फर्मा वर ठेवून त्याच टोकाच्या भोकातून आत, आणि उलट दिशेनं परत. मधल्या दोन भोकांपाशी बाहेर आल्यावर खालच्या फर्म्याचा टाका सुईत अडकवून मग पुन्हा आत. टोकाला पोचलं की लोंबत्या दोऱ्याशी दोन गाठी. तिसऱ्या फर्म्यापासून टोकाला गाठ मारायची ती खालच्या दोन फर्म्यांच्या मधून सुई सरकवून, तयार झालेल्या फासातून वर काढून. दोरा ओढायचा तो नेहमी पाठीच्या रेषेत, आडवा. मुलं तो स्वतःकडे, वर ओढतात आणि घडी चिरते. असं झालं तर तो फर्मा बाजूला काढून बाहेरचा एक कागद बदलावा, पुढे रेटू नये. आणि फार आवळूही नये. दोरा घट्ट हवा, पण भोकाशी कागद दुमडला जाईल इतका नको.

एक जण शिवत असताना दुसऱ्यानं मोठ्यानं वाचावं. या कामाइतकी ऐकत वाचण्याला सोयीची दुसरी जागा नाही, कारण हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. पावसाच्या आवाजात आवाज थोडा चढवावा लागतो, आणि चढवून वाचलेल्या मजकुरात विरामचिन्हं आपोआप जागेवर येतात. बडोद्याच्या मराठी घरांत तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुलं बोलतात मराठी, शाळेत लिहितात गुजराती नाहीतर इंग्रजी. देवनागरी त्यांना परकी नाही, पण सरावाचीही नाही. त्यांच्या हाती दीडशे पानांची मराठी कादंबरी देऊन "वाच" म्हटलं की ती चार पानांत थकतात. तीच मुलं कानानं मात्र दोन तास ऐकतात. मग मधेच वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते, पुस्तक शिवणाऱ्याकडे जातं आणि सुई वाचणाऱ्याकडे, आणि कथा अडलेली असते म्हणून मूल पुढची दोन पानं स्वतः अडखळत का होईना वाचून काढतं. हे ठरवून करायला गेलं की फसतं. ते सुईच्या ओघात व्हावं लागतं. मासिकांचे जुने अंक याला उत्तम, कारण गोष्टी आठ-दहा पानांच्या असतात आणि एका फर्म्यात एक बसते. एक पथ्य पाळावं: भजी किंवा शेव-उसळ यांच्या ताटल्या आणि पुस्तक एका वेळी एका टेबलावर नकोत. तेलाचा डाग कागदातून निघत नाही, आणि तेल मुरलेल्या जागी खळही धरत नाही.

शिवलेल्या पाठीला दाट खळ लावून वर मलमलीची पट्टी बसवायची, दोन्ही बाजूंना अडीच सेंटिमीटर बाहेर येईल अशी. जुनं मऊ झालेलं धोतर याला नव्या कापडापेक्षा चांगलं. मग पुठ्ठे: २ मिलिमीटर जाड, उंचीला पानापेक्षा ६ मिलिमीटर जास्त, रुंदीला पानाइतकेच. पाठीची पट्टी शिवलेल्या ठोकळ्याची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी, आणि पट्टी व पुठ्ठा यांच्यात ७ मिलिमीटरची फट, नाहीतर वही उघडत नाही. बाहेरून कागद चिकटवला की तो ओला असताना फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढतो. आतून, मलमलीचे बाहेर आलेले कान पुठ्ठ्यांवर चिकटवून, त्यांवर अस्तराचा कागद लावला की तो उलट ओढतो आणि पुठ्ठा सरळ होतो. म्हणून बाहेरचा कागद लावल्यावर पुठ्ठा वाकला तर घाबरायचं कारण नाही. अस्तर लागेपर्यंत थांबावं. अस्तर चिकटवल्यावर त्याच्या आणि पानांच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद सरकवायचा, म्हणजे ओल पानांत शिरत नाही, आणि बाहेरून कोऱ्या कागदाच्या घड्या ठेवून वजन. तासाभरानं घड्या बदलायच्या, रात्री पुन्हा. छापील वर्तमानपत्र वापरलं तर शाई उठते.

पावसाळ्यात सर्वांत रमण्यासारखं काम मात्र बाहेरच्या कागदाचं आहे. अर्धी वाटी दाट खळीत एक मोठा चमचा पोस्टर रंग मिसळायचा. जाडसर कार्ट्रिज कागद ओल्या स्पंजानं दोन्ही बाजूंनी पुसून काचेवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर सपाट बसवायचा आणि रुंद ब्रशनं रंगीत खळ फासायची. आता जुनी फणी, दात कापलेला पुठ्ठा, बोट, काडी, जे हाती येईल त्यानं त्यावर ओढायचं. खळ बाजूला सरते, खालचा फिका कागद दिसतो आणि सरलेल्या खळीच्या कडेला रंगाची गडद रेघ साचते. नागमोडी ओढ काढून तिच्यावर आडवी ओढ घेतली की माशाच्या खवल्यांसारखी नक्षी येते. आवडली नाही तर पुन्हा ब्रश फिरवायचा, सगळं पुसलं जातं. उन्हाळ्यात यासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, मग खळ धरू लागते आणि कागदाचे कण उठतात. दमट हवेत याच्या दुप्पट वेळ हाताशी असतो. एरवी वैताग देणारी हवा इथे आपल्या बाजूनं असते. कागद दोरीवर चिमट्यांनी टांगून वाळवायचा आणि कुरळा झाला की उलट बाजूनं कोमट इस्त्री. रंग बोटाला लागतोय असं वाटलं तर समजावं की खळ पातळ होती. असा कागद वहीला लावण्याआधी मेणाचा तुकडा घासून घ्यावा.

जुन्या पुस्तकाचं काम याच हातांनी होतं, फक्त त्यात धीर जास्त लागतो. पुठ्ठा सुटलेला आहे, दोरा धड आहे, असं पुस्तक दोन फळ्यांमध्ये पाठ वर करून उभं धरायचं. पाठीवर दाट खळीचा थर द्यायचा आणि वीस मिनिटं तसाच ठेवायचा. खळीतली ओल हळूहळू जुना सरस मऊ करते, आणि तो लाकडाच्या बोथट काडीनं खरवडून निघतो. पाणी सरळ ओतलं तर ते फर्म्यांच्या घड्यांत उतरतं आणि तपकिरी डाग पाडतं. खळ ओल धरून ठेवते म्हणून ती वापरायची. पाठ स्वच्छ झाली की नवी मलमल, तिच्यावर पातळ कागद, एक दिवस वाळणं, आणि मग जुनाच पुठ्ठा मलमलीच्या कानांवर बसवून पुन्हा वजनाखाली. फाटलेल्या पानाला कधीही सेलोटेप लावू नये. तिचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो आणि वरची पट्टी गळून पडते, मागे उरतो तो न निघणारा डाग. उत्तरायणात उरलेला पांढरा पतंगाचा कागद घ्यावा, फाटलेल्या जागेपेक्षा थोडी रुंद पट्टी हातानं फाडावी, म्हणजे तिच्या कडेला लव राहते आणि जोड डोळ्याला टोचत नाही. पातळ खळीनं चिकटवून वरखाली बटर पेपर आणि वजन. रंगीत पतंग मात्र नको, ओला झाला की रंग सोडतो. दुर्मीळ ग्रंथ असेल तर हेही करू नये, तो जाणत्या माणसाकडेच न्यावा.

या शहरात भिजलेल्या पुस्तकांचा विषय हौसेपुरता राहत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा घराघरांत शिरली, आणि पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्यांच्या ढिगांत पुस्तकंही होती. भिजलेल्या पुस्तकाला बुरशी धरायला ४८ तास पुरतात. तेवढ्यात सगळी हाताळणं शक्य नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवावीत. तिथे बुरशी थांबते आणि एकेक काढून सावकाश वाळवता येतं. चिंब पुस्तक जबरदस्तीनं उघडू नये, उभं करून पाणी निथळू द्यावं, मग दर दहा-बारा पानांत कोरा शोषक कागद घालून पंखा लावावा, पण झोत थेट पुस्तकावर नको. ऊन नको, इस्त्री नको. गुळगुळीत चकचकीत कागदाची पुस्तकं सर्वांत आधी घ्यावीत, कारण तो कागद ओला असतानाच वेगळा केला नाही तर वाळल्यावर वीट होते. बुरशी दिसली तर ओली असताना पुसू नये, ती आत चोळली जाते. वाळू द्यावी, मग नाकाला फडकं बांधून गच्चीत मऊ ब्रशनं झाडावी. आणि गटाराच्या पाण्यात बुडालेलं पुस्तक, दुसरी प्रत मिळण्यासारखी असेल तर, सोडून द्यावं.

सोडून देणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो जड जातो. स्वस्त लगद्याच्या कागदावर छापलेली कितीतरी मराठी पुस्तकं आता अशा अवस्थेला आली आहेत की पानाचा कोपरा दोनदा दुमडला की तुटून हातात येतो. तो कागद आतूनच आम्ल होत गेला आहे. त्याला सुई लावली तर भोकांच्या रेषेत पान सुटतं. अशा पुस्तकाला शिवायचं नाही, बांधायचं नाही, स्वच्छ सुती कापडात घट्ट गुंडाळून आडवं ठेवायचं. पोथ्या बासनात बांधून ठेवण्यामागे हीच समज होती: कापडाच्या घड्या बाहेरच्या हवेतली ओल आत हळूहळू जाऊ देतात आणि पानांना एकदम फुगावं-आकसावं लागत नाही. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात हजारो हस्तलिखितं आहेत, आणि वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती त्यातून आणि देशभरच्या प्रतींवरून तिथेच सिद्ध झाली. शेकडो पावसाळे ती पानं टिकली ती कुणीतरी दर वर्षी ती सोडून, झटकून, पुन्हा बांधत आलं म्हणून. घरातल्या पुस्तकांनाही वर्षातून एकदा तेवढं मिळालं तर रद्दीच्या काट्यावर जाणारी निम्मी तरी वाचतील, असं मला वाटतं. दुःख होतं ते पुस्तकं जातात याचं नाही, जाण्यासारखी नसलेली जातात याचं. दांडिया बाजारातल्या त्या पुस्तकाला खळीची एक वाटी, हातभर मलमल आणि दोन दिवसांचं वजन एवढंच हवं होतं.

कपाटाची व्यवस्था पाऊस लागण्याआधीच करावी. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर, सर्वांत खालचा खण जमिनीपासून फूटभर वर, आणि पुस्तकं इतकी कोंबलेली नकोत की एक काढताना शेजारचं सोलेल. पुस्तक काढताना वरची कड धरून ओढायचं नाही, दोन्ही शेजाऱ्यांना किंचित मागे ढकलून मधलं कमरेत धरायचं. वेखंडाच्या पुरचुंड्या खणांच्या कोपऱ्यांत, आणि पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवशी दारं सताड उघडी. पण पाऊस लागलाच असेल आणि शाळेला आठवडा उरला असेल, तर या साफसफाईत मुलांना गुंतवू नये. आज रात्री कागद कापून दाबायला ठेवावेत, उद्या शिवण, परवा पाठ आणि रंगीत कागद, तेरवा पुठ्ठा, आणि त्यानंतरचा पूर्ण दिवस वजन हलवायचं नाही. पाच दिवसांत एक वही होते आणि मध्ये निदान दोन पुस्तकं वाचून संपतात. उरलेल्या दोन दिवसांत घरातलं एखादं सुटलेलं पुस्तक काढावं, पाठ उजेडात धरावी आणि आधी दोरा बघावा.